खालची ओळ

६ सप्टेंबर, शनिवार
स्स्स्. मोडक्या दातातून आत ओढलेली हवा, बारीक शीळ, आणि मग कवितेची ओळ. आज सकाळी चूळ भरताना कानात आली. यशवंता! सातवीपर्यंत शाळेत एका बस्करावर बसलो आम्ही. साठ वर्षं होऊन गेली असतील.
अमेरिकेत मुलाकडे, रेडमंडला आल्यापासून जुने आवाज जास्त येतात. इथले स्वतःचे आवाज कमी. पाऊससुद्धा पडतो तो गुपचूप, खिडकी ओली झाली की कळतं.
दहा वाजता सूनबाई मुक्ता (हात दुखतो, यापुढे मु.) समोर कागद घेऊन बसली. नागपुरात नऊ वर्षं शाळेतल्या मुलांचं समुपदेशन केलं तिने. इथे ते कोणी मोजत नाही, म्हणून पुन्हा विद्यार्थिनी. मानसशास्त्राचं शेवटचं वर्ष. एका वृद्ध माणसाच्या स्मरणाची दहा शनिवारांची नोंद करून तिच्या बाईंना द्यायची. ती मान्य झाली तर परवान्याच्या परीक्षेला बसता येईल. नाही तर वर्ष गेलं. घरचा माणूस चालत नाही, पण मराठी बोलणारा दुसरा म्हातारा मिळेना, तेव्हा बाईंनी सूट दिली. अट एकच, माणूस डोक्याने ठणठणीत हवा.
"आहात ना, बाबा?"
"ठणठणीत!"
पंधरा शब्द ऐकायचे, लगेच सांगायचे. मग अर्धा तास शाळेत पाठ केलेलं काही म्हणायचं. शेवटी तेच शब्द पुन्हा.
आधी अकरा आले. अर्ध्या तासाने चार.
चार.

१३ सप्टें., शनि.
आज पाच. मु.ने नुसता आकडा लिहिला.
मधल्या वेळात गुरुजींची कविता म्हटली. त्यांनी स्वतः रचलेली, कुठे छापली नाही. डेप्युटीसाहेब शाळा तपासायला यायचे तेव्हा मी आणि यशवंता उभे राहून म्हणायचो. गुरुजींची रीतच होती, एक कविता दोघांत वाटून द्यायची. वरची ओळ माझी, खालची त्याची. दुसऱ्याची पाठ करायची नाही. चुकून तोंडात आली तर दोघांनाही छडी. "अर्धी ज्याची त्याची," म्हणायचे, "म्हणजे एकमेकांवाचून अडेल."
खरंच अडतं. मला सहाच्या सहा वरच्या ओळी येतात, खालची एकही नाही.

२० सप्टें., शनि.
मु.ची फाइल जेवणाच्या टेबलावर असते. त्यात दहाही याद्या. काल दुपारी घरात कोणी नव्हतं. आजची उतरवून घेतली.
पाठांतर म्हणजे काही लबाडी नव्हे. आमच्या वेळी तोच अभ्यास होता. शब्द तालात बसवले आणि जिना चढता-उतरता घोकले. आज शेवटी पंधराच्या पंधरा! एक सोळावाही गेला, 'लाल'. यमकासाठी घातला होता, तो जिभेला चिकटला.
मु. खूश व्हायला हवी होती. ती म्हणाली, "बाबा, 'लाल' कुठून आला?"
"आला असाच."
तिने त्या शब्दाभोवती गोल केला.

२७ सप्टें., शनि.
आजही पंधरा. नातीला, आर्याला, शब्दांचं गाणं फार आवडलं. जिन्यावर मागे-मागे फिरते.
मु.ने रेकॉर्डिंग ऐकून विचारलं, "कविता म्हणताना दोन ओळींच्या मध्ये इतके का थांबता? मी मोजलं. दर वेळी सात सेकंद. ना एक कमी, ना एक जास्त."
मी म्हणालो, "तेवढ्यात त्याची ओळ होते."
ती उगाचच उठून खिडकी लावायला गेली. खिडकी लावलेलीच होती.

४ ऑक्टो., शनि.
हिरडी सुजली आहे. कवळी सकाळपासून वाटीत. बोळक्यानेच दहाला बसलो. शब्द झाले. मग कविता.
"काठावरती एक दिवा अन् पाण्यावरती एक दुजा"
थांबलो, नेहमीसारखा. मु.ची पेन्सिल थांबली. तिने मान वर केली तेव्हा कळलं, मी थांबलेलो नव्हतो.
तिने परत ऐकवलं. माझाच आवाज. पण आधी ते स्स्स्, आणि मग:
"एक विझे तर सांग गड्या रे उरला कुठला दिवा तुझा"
ही ओळ मला येत नाही. कधीच येत नव्हती.
मु. म्हणाली, कवळीतून हवा गेली असेल.
मी वाटीकडे बोट दाखवलं.

११ ऑक्टो., शनि.
आज तीन खालच्या ओळी आल्या. प्रत्येकीआधी ती शीळ.
संध्याकाळी मु.ने समोर बसवून समजावलं. तिच्याइतकं हळू बोलणारं माणूस मी पाहिलं नाही.
"बाबा, मन रिकामी जागा भरून काढतं. आणि माणसाला मनापासून वाटतं की हे आठवलं. तरुणांचंही होतं तसं. पण तुमच्या वयात एकदम सुरू झालं तर मला बाईंना कळवावं लागेल. त्या नोंद थांबवतील, डॉक्टरकडे पाठवतील."
"आणि तुझं वर्ष?"
"ते नंतर बघू."
"ओळी खऱ्या असल्या तर?"
"तर ती आठवण. मग काही प्रश्नच नाही. उलट फार मोलाची नोंद होईल. पण खऱ्या आहेत हे सांगणार कोण?"
गुरुजी केव्हाच गेले. राहिला यशवंता. सातवीनंतर तो मामाकडे इचलकरंजीला मागावर कामाला गेला. निघताना म्हणाला होता, पत्र पाठव, खालची ओळ मी लिहून पाठवीन. मी पत्र पाठवलं नाही.

१२ ऑक्टो., रवि.
आज जेवताना आर्याने सगळ्यांना गाऊन दाखवलं. "दोरी पेरू घोडा शाल, पाटी कुलूप टोपी लाल!" ताटावर ठेका धरून.
मु.चा घास हातात राहिला. "लाल," ती म्हणाली.
निरंजन, माझा मुलगा, आधी हसला आणि मग त्याला कळलं. "बाबा, काय यार! तिची फाइल उघडलीत तुम्ही?"
आर्या टाळ्या पिटत, "आजोबा चीटेड! आजोबा चीटेड!"
"चारच आले होते रे," मी म्हणालो. "पंधरांतले चार. तिचं वर्ष जाईल म्हणून..."
मु. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने आपलं ताट उचललं, ओट्याशी उभं राहून जेवली. नंतर एवढंच म्हणाली, "चार शनिवार फुकट गेले, बाबा. आणि आता कवितेवर तरी विश्वास कसा ठेवू, सांगा."
कसा ठेवणार.

१४ ऑक्टो., मंगळ.
मु.ने बाईंना सगळं खरं सांगितलं. शब्दांची नोंद रद्द. कविता तेवढी राहिली. ८ नोव्हेंबरपर्यंत त्या ओळी बाहेरच्या कोणी पडताळून दिल्या तर तेवढ्यावर नोंद मान्य करतील. नाही तर बंद.

१८ ऑक्टो., शनि.
गावी चुलतभावाला, आप्पाला, फोन केला. यशवंताचा नंबर असेल का विचारलं.
"यशवंता? अरे, तो गेला की! दसऱ्याला आला होता इथे, सोनं वाटून गेला सगळ्यांना. दोन दिवसांनी इचलकरंजीत रात्री जेवला, अंथरुणावर पडला, संपलं. अकराच्या आतच. पोरं बाहेरगावी, धावपळ झाली. तुला कळवायचं राहिलं बघ."
फोन ठेवला. भिंतीवर कालनिर्णय आहे. दसरा २ ऑक्टोबर. तिथले रात्रीचे पावणेअकरा म्हणजे इथले सकाळचे सव्वादहा.
या वहीची मागची पानं उलटली. ४ ऑक्टो., शनि.
मु.ला तो गेल्याचं सांगितलं. तारीख सांगितली नाही. ती लिहून ठेवील.

२५ ऑक्टो., शनि.
घरात अजून फराळाचा वास आहे. आज ठरवून बसलो, वरच्या ओळी म्हणायच्या आणि मध्ये ओठ घट्ट मिटायचे. खालची यायचीच असेल तर दुसरीकडून येऊ दे.
तसंच केलं. जबडा दुखेपर्यंत ओठ आवळून धरले. सहा ओळी, सहा वेळा शांतता.
संपल्यावर मु. म्हणाली, "आज छान, खणखणीत म्हटलंत. बाराही ओळी."
मी रेकॉर्डिंग ऐकायला नको म्हणालो.

१ नोव्हें., शनि.
बसलोच नाही आज. मु.ने बाईंना पत्र लिहून ठेवलं आहे, पुढच्या शनिवारी धाडायचं. मला वाचून दाखवलं, लपवून काही करत नाही ती. 'पडताळणी होऊ शकली नाही. वैद्यकीय तपासणीची शिफारस.' त्यानंतरच्या सोमवारी, दहा तारखेला, डॉक्टर.
"मला भीती वाटते," मी म्हणालो. पहिल्यांदाच.
"मलाही," ती म्हणाली. मग माझ्या चहात नेहमीसारखी चोरून अर्धा चमचा साखर जास्त घातली.

५ नोव्हें., बुध.
शॉवरखाली, जिन्यावर, आर्याची बस येते त्या कोपऱ्यावर. मी वरची ओळ मनातसुद्धा म्हणत नाही. तरी सात सेकंद आले की कळतं. कोणी थांबलेलं असतं. रागाने नव्हे. बस्करावर आपली पाळी येईपर्यंत थांबावं तसं.

८ नोव्हें., शनि.
सकाळपासून पावसाची झोड. साडेदहाला बेल. निरंजन आर्याला पोहायला घेऊन गेलेला, मु. वर पत्र धाडायला बसलेली. दार मी उघडलं.
पन्नाशीची बाई. रेनकोटातून पाणी गळतंय, हातात गाडीची किल्ली. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "वरच्या ओळीचे काका तुम्हीच ना?"
मी चौकट धरली.
"मी संगीता. यशवंताची मोठी मुलगी. पोर्टलंडला असते. बाबांचे दिवस करून परवा परत आले. आप्पांनी तुमचा पत्ता दिला. फोनवर काय बोलणार, म्हणून ड्राइव्ह करत आले."
मला वाटलं, पत्राचं विचारेल. पण ती हसून सांगायला लागली, "बाबा घरी एकच कविता म्हणायचे. एक ओळ, मग गप्प. एक ओळ, मग गप्प. आम्ही भावंडं चिडवायचो, बाबांची कॅसेट अडकते म्हणून. तर म्हणायचे, अडकत नाही गं, मधली माझी नाही, गड्याची आहे. त्याचं चाललंय तोवर थांबायला नको?"
"तुला येतात त्या ओळी?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.
तिने तोंड उघडलं. तेवढ्यात जिन्यावरून मु. ओरडली, "थांबा! काही म्हणू नका!" अनवाणी धावत खाली आली. एवढी मोठ्याने बोलताना तिला प्रथमच ऐकलं. "ताई, प्लीज. बाबांसमोर एक शब्दही नको. तुम्ही स्वयंपाकघरात बसून कागदावर लिहा. बाबा इथे बसतील. मग दोन्ही शेजारी ठेवू. पत्र मी अजून धाडलेलं नाही."
संगीता बिचारी रेनकोटासकट तिच्यामागे गेली. दार लागलं.
मला सांगितलंय, काही म्हणायचं नाही, नुसतं बसायचं. म्हणून वही घेतली. तो गेल्याची तारीखही सांगून टाकीन मु.ला. आज सांगीन.
आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग कागदाचा. मग बराच वेळ काही नाही, आणि आता

स्स्स्.

तिचे दात चांगले आहेत. दारात हसली तेव्हा बघितले मी.
मी इथे माझी तेवढी लिहितो. खाली जागा सोडतो.

काठावरती एक दिवा अन् पाण्यावरती एक दुजा