कव्हरवरचं आडनाव

स्टिलदाल मिशन
मंगळवार, २० एप्रिल १९७६

प्रिय ग्रीटाताई,

तू आणि मुलं खुशाल असाल. इथे ईस्टर कोरडा गेला, माझ्या बायकोचा, सेलीनाचा, गुडघा दुखतोय, बाकी ठीक. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव घातलेलं नाही, काळजी नसावी.

तू गेल्याला तेवीस वर्षं झाली. तेवढ्यात या हातांनी काय केलं ते सांगतो. अकरा छपरं शाकारली; एकही गळत नाही. पाव भाजायची भट्टी बांधली. आईची शवपेटी केली, पिवळ्या लाकडाची, बिनखिळ्याची. आणि एक पुस्तक केलं. केलं म्हणजे सगळंच. चौसष्ट कविता माझ्या, मिशनचा गंजलेला छापखाना मी चालता केला, अक्षरांचे खिळे मी जुळवले, पानं चांभाराच्या मेणदोऱ्याने मी शिवली. शाळेचे मास्तर म्हणाले, "इझाक, चौथी पास माणसाला पुस्तक कशाला रे?" म्हटलं, "मास्तर, तुम्ही दहावी पास. तुमचं कुठाय?"

कविता आपल्या आफ्रिकान्समधल्या आहेत. सरकारी अर्जातल्या नव्हे, आई ज्या भाषेत कोंबड्यांना शिव्या घालायची त्या. केप टाउनच्या एका प्राध्यापकाने रेडिओवर तीन वाचल्या. दुसरीत त्याने ओळीच्या मध्येच श्वास घेतला. मी पत्र टाकून कळवलं.

लांबण लावतोय, मला कळतंय.

शनिवारी आम्ही सगळे कबरस्तानात होतो. तुला आठवत असेल, ईस्टरच्या पहाटे बँड वाजायच्या आत प्रत्येक कबर पांढरी झालेली हवी. एक मोटार थांबली. एक गोरा माणूस उतरला, चकचकीत बूट, आणि विचारलं, "आपोलिसबाईंची कबर कुठली?" डोर्टीमावशी तेवढी उठली आणि त्याच्या हातात कुंचला दिला. "या जावईबापू. तेवीस वर्षं सासूला चुना लावताय, आज खराखुरा लावा."

दाजींनी कोट काढून लावला, ताई. मागची बाजू राहिली, ती नंतर मी केली. पण लावला.

मग मला भिंतीकडे नेऊन म्हणाले, "तुमचं पुस्तक वाचलं. एक्केचाळिसावी कविता."

त्या कवितेत आई दर ईस्टरला एक ताट जास्तीचं मांडते आणि जेवणं झाल्यावर ते न वापरलेलंच धुऊन ठेवते. तू गोरी असल्याचे सरकारी कागद काढून गेलीस हे त्यात नाही. आईच्या मातीलाही आली नाहीस हे नाही.

"तिचं नाव कुठेच नाही," मी म्हणालो.

"आडनाव कव्हरवर आहे. आमच्या लग्नाच्या दाखल्यावरही तेच आहे. रेडिओवर घेतलं गेलं. उद्या कुणी दोन्ही जोडून पाहिलं तर मुलांना गोऱ्यांच्या शाळेतून काढतील. मुलांना काहीच माहीत नाही हो."

माणूस वाईट नाही. तुझ्यासाठी घाबरलेला आहे, ते मला आवडलं. तुम्ही पाठवलंत का त्यांना, की ते आपणहून आले, हे मी विचारलं नाही. बघ, 'तुम्ही' लिहून गेलो. खोडत नाही, खाडाखोड मला चालत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच. ती कविता तुला नको असेल, तर तू तुझ्या अक्षरात एक ओळ लिही. माझ्याकडच्या प्रत्येक प्रतीतून ते पान मी स्वतः काढीन, शिवण न उसवता. कसं ते मला येतं. पण आपोलिस हे आडनाव राहील. छपरं शाकारली ती त्याच नावाने, आणि आईच्या दगडावर मी कोरलं तेही तेच. ते लपवून ठेवण्यासारखं काही मी केलेलं नाही.

दाजींनी पुढे काय विचारलं ते घरी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो. माझ्याकडे उरलेल्या सगळ्या, तीनशे प्रती, दुप्पट भावाने, आणि पुन्हा छापणार नाही असा माझा शब्द. चोवीसशे रँड, रोख, मोटारीत तयार होते. मी नाही म्हणालो.

तुझा धाकटा भाऊ,
इझाक