रायाजी वीर काही केल्या हरत नाही

३ जुलै, गुरुवार
काम सुरू. आमच्या गावच्या रायाजी वीराचा टेबलावर खेळायचा गेम करायचा.

गंगापूर रोडला आरोही नावाच्या मुलीचा कॅफे आहे. तिथे कॉफीबरोबर गेम खेळायला मिळतात. परवा डॉक्टरकडून येताना दम लागला म्हणून आत बसलो. बघतो तर दाढी ठेवलेली, नोकरीधंद्याची माणसं बोटाएवढ्या सैनिकांची लढाई खेळत होती. टेप लावून अंतर मोजायचं, फासा टाकायचा, मारायचं. सैनिक सगळे परदेशी. मनात आलं, आपला रायाजी काय कमी आहे? निफाडकडे, आमच्या गावच्या शिवेवर त्याचा दगड आहे. गुरं पळवायला आलेल्या टोळीशी एकटा लढला. मुंडकं उडालं तरी धड लढत राहिलं. आमच्या घराण्याचा मूळपुरुष.

जागा लागते म्हणून जेवणाचं टेबल घेतलं. सौ. म्हणाली, मग जेवायचं कुठे? म्हटलं, आठ दिवस खाली बसू. तिचे गुडघे वाकत नाहीत हे खरं आहे. पण आठ दिवसांचा तर प्रश्न.

६ जुलै
शीव, ओढा, मारुतीचं देऊळ तयार. ओढ्याला निळा ऑइलपेंट. पावसाळी हवेने वाळत नाही. वासाने डोकं दुखतं अशी सौ.ची तक्रार. मला वास येत नाही. मला हल्ली कसलाच येत नाही.
कोणी आयडिया चोरली तर? खिडकी लावून घेतली. सौ. म्हणाली, आता मरायचंय का वासाने.

११ जुलै
रायाजी केला, एम-सीलचा. मुंडकं वेगळं, मानेत लहान लोहचुंबक. वार बसला की काढून ठेवता येतं. चेहरा वडिलांसारखा करायला गेलो, सहादूसारखा झाला. सहादू म्हणजे सातपूरच्या कंपनीतला माझा जोडीदार, मागच्या कॉलनीत राहतो. त्याला कळलं नाही पाहिजे.
सौ. ओट्यापाशी उभी राहून जेवते. बरं दिसत नाही. बसून जेवत जा म्हणून सांगितलं. माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, ताट विसळलं.

१९ जुलै
सौ. इगतपुरीला गेली, लेकीकडे. छायाचे मिस्टर रेल्वेत आहेत, क्वार्टर ऐसपैस. हवापालट हवा असेल. जुलैमध्ये इगतपुरीत अंगावरचे कपडेसुद्धा वाळत नाहीत, पण आवड एकेकाची. जाताना म्हणाली, डबा लावून घ्या, बीपीच्या गोळ्या फ्रीजवर आहेत. म्हणजे आठवडाभरात येणार.
एक फायदा झाला. ओट्यावर रंगाचे डबे ठेवता येतात.

२४ जुलै
नियम लिहिले. रायाजीला वार बसला की मुंडकं काढायचं. मुंडकं नसलेला रायाजी डबल फासे टाकतो. धडाला मारता येत नाही.
सहादूला बोलावून टोळी म्हणून शर्टाची बटणं त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, म्हणजे मी तुला मारलं की तू जास्त जोरात मारणार? म्हटलं, बरोबर. म्हणाला, मग मी जिंकणार कधी? म्हटलं, टोळी जिंकली नव्हती, जे घडलं ते घडलं. म्हणाला, लय भारी गेम आहे गड्या, तू एकटाच खेळ. मग रायाजी उचलून डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, याला कुठेतरी बघितलंय.
चहा अर्धाच पिऊन गेला. चहा मी केला होता.

३१ जुलै
छायाचा फोन. आई बरी आहे म्हणाली, रोज खुर्चीवर बसून पोटभर जेवते. हे मला कशासाठी सांगितलं कळलं नाही. सौ.ला दे म्हटलं, तर म्हणाली, ती माझ्या बाळाला अंघोळ घालतेय.
उद्यापासून रोज सकाळी सौ.ला फोन करायचा. ठरलं.

५ ऑगस्ट
फोन राहिला. हाताला रंग होता.

६ ऑगस्ट
फोन लावला, लगेच कट केला. काय बोलायचं ते आधी ठरवायला हवं. बीपी वाढलंय असं वाटतं. मोजलं नाही. मोजलं की वाढतं.

१८ ऑगस्ट
बाजारात पोळ्याची मातीची बैलं आली. गुरं म्हणून आणली. घरी आल्यावर लक्षात आलं, रायाजी बैलाच्या पोटाखालून आरपार जातो. चालायचं. पूर्वी जनावरं मोठीच असायची.
टोळीसाठी प्लॅस्टिकचे सैनिक घेतले. त्या काळी बंदुका नव्हत्या म्हणून नेलकटरने कापल्या. आता सगळे रिकामे हात पुढे करून उभे आहेत. टोळी वाटत नाही, काहीतरी मागायला आल्यासारखी वाटते.
डब्यात परत दुधी. खाल्ला. झाल्यावर आठवेना खाल्ला का, म्हणून डबा उघडून बघितला.

२५ ऑगस्ट
आरोहीला नेऊन दाखवलं. म्हणाली, काका, बैल फार गोड आहेत. नियम वाचून म्हणाली, पण बॅलन्स नाही, समोरच्याला जिंकायचा काही चान्सच नाही. म्हटलं, वीर आहे तो, तराजू नाही. मग विचारलं, हे धड थांबतं कधी? म्हटलं, थांबत नाही. म्हणाली, पण गोष्टीत शेवटी थांबलं असेल ना? गावी धाकट्या भावाला, पुंजाला फोन केला. तो म्हणाला, थांबल्याचं काय आपल्या ऐकिवात नाय, आणि तुला सत्तरीत हे काय सुचलं, वहिनी कुठे हाय? रेंज नाही म्हणून ठेवला.
आरोहीने १४ सप्टेंबरचा रविवार दिला. सगळ्यांसमोर एक डाव. अट एकच, समोर खेळायला माणूस मी आणायचा.

३० ऑगस्ट
माणूस मिळत नाही. सहादू म्हणाला, तुझ्याकडून हरायला मी रिटायर नाय झालो. वॉचमनला विचारलं, त्याला रविवारी ड्युटी. इस्त्रीवाल्याने मुंडकं हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि परत दिलं.
लोकांना वीरांची कदर नाही.

२ सप्टेंबर
उत्तम उपाय सुचला. सौ.ला फोन केला, समोर खेळायला तूच ये म्हटलं. सगळी माणसं गेम बघतील, माझं कौतुक होईल, ते ती डोळ्यांनी बघेल आणि तिथूनच माझ्याबरोबर घरी येईल. कपड्यांची बॅग घेऊन ये असं मुद्दाम म्हटलं नाही. एवढं तिला कळतं.
ती म्हणाली, किती वाजता?

१३ सप्टेंबर
घर झाडलं. गेम खोक्यात भरला. तो आता कॅफेतच राहणार, टेबल कायमचं मोकळं. निळा डाग रॉकेलने घासला, फिकट झाला. वर प्लॅस्टिक टाकलं की दिसत नाही. तिची खुर्ची पंख्याखाली ठेवली. डबेवाल्या बाईंना उद्या रात्री दोन डबे सांगितले, दुधी नको म्हणून बजावलं. त्या म्हणाल्या, आल्या वाटतं वहिनी. म्हटलं, आल्यातच जमा आहे.

१४ सप्टेंबर, रविवार, सकाळ
दाढी दोनदा केली. मुंडकं खिशात आहे ना ते परत परत बघतो. आहे.

त्याच दिवशी, कॅफेत, संध्याकाळ
सौ. वेळेवर आली. हातात फक्त पर्स. पायऱ्या न थांबता चढली. बॅग छायाच्या मिस्टरांबरोबर मागून येत असेल असं समजलो.

तिला टोळी दिली. तिने आरोहीला विचारलं, पोरी, ही माणसं आली कशाला? आरोही म्हणाली, गुरं न्यायला, आजी. कुठे न्यायची? आरोहीने टेबलाची तिच्याकडची कड दाखवली. बरं, म्हणाली.

तिने दोन माणसं ओढ्यावर पुढे सोडली. रायाजी धावून गेला. पहिल्याच फाशाला मुंडकं उडालं. काढून बाजूला ठेवलं, लोक हसले, मला बरं वाटलं. मग डबल फासे. दोघांना आडवं केलं. तेवढ्यात सौ.ने बाकीची माणसं लावून सगळी बैलं हाकत हाकत आपल्या कडेला नेली आणि टेबलाबाहेर काढून मांडीवर घेतली. माणसंही गोळा केली.

म्हटलं, असं चालत नाही, आधी रायाजीशी लढावं लागतं. आरोहीने माझाच कागद वाचला. म्हणाली, काका, तसं कुठे लिहिलेलं नाही. सौ. म्हणाली, अहो, मला कुठे तुम्हाला हरवायचं होतं? माझं काम गुरांशी होतं. तुमच्याशी भांडत कोण बसेल?

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला कोल्ड कॉफी दिली, ती तिला आवडली.

मी हळूच म्हटलं, चल घरी, टेबल मोकळं केलंय. ती म्हणाली, बरं केलंत, नीट बसून जेवत जा. मग म्हणाली, बाळ उठलं की मला शोधतं, गाडी चुकायला नको. थंडी पडायच्या आत माझे स्वेटर छायाकडे पाठवून द्या, खालच्या कप्प्यात आहेत. एक बैल बाळासाठी रुमालात गुंडाळला. आरोहीला विचारलं, नेऊ ना गं? मला विचारलं नाही.

तिला रिक्षापर्यंत सोडायला उठणारच होतो. पण डाव संपलेला नव्हता. धड थांबत नाही, नियम आहे. टेबलावर दुसरं कोणी उरलं नव्हतं, आणि पाळी रायाजीची होती. फासे टाकले. दोन्हींवर सहा आले.