जेवणानंतर दोन चमचे

११ जानेवारी, मुलुंड
दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही, चुकलंच. इथे फक्त खरं लिहायचं असं ठरवलं होतं, त्यामुळे अडचण झाली असावी. कसली, ते तपासायला हवं. आज नाही.
बातमी चांगली आहे. दारू सोडून फेब्रुवारीत वर्ष होईल. व्यसनमुक्तीच्या ग्रुपमध्ये त्या दिवसाला वाढदिवस म्हणतात. केक असतो, आणि घरच्या माणसाच्या हातून मेडल मिळतं. मला माझी लेक गंधाली देणार. पद्मजा तिला घेऊन बोरिवलीला माहेरी गेली तेव्हा म्हणाली होती, वर्षभर कोरडा राहून दाखव, आम्ही परत येऊ. दाखवतोय.

१६ जानेवारी
अपचन. वैद्यांनी द्राक्षासव दिलं. जेवणानंतर दोन चमचे, तेवढ्याच पाण्यातून. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलंय की यात आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो. चष्मा लावून पुन्हा वाचलं. आपोआप. म्हणजे कोणी हेतूने घातलेला नाही. माझाही हेतू पचनाचा आहे. तरी सुबोधला विचारावं का? तो ग्रुपमधला माझा स्पॉन्सर. मोह झाला की पहिला फोन त्याला करायचा. पण हा मोह नाही, अपचन आहे. त्याला कशाला त्रास.

२० जानेवारी
चमचा सापडेना. वाटीने घेतलं. पाणी टाळलं, टँकरचं आहे.

२५ जानेवारी
पचन उत्तम. तरी कोर्स मध्येच सोडू नये. एकाच केमिस्टवर भार नको म्हणून भांडुपला गेलो. द्राक्षासव संपलं होतं, दशमूलारिष्ट घेतलं. ते बाळंतिणीला देतात हे लक्षातच नव्हतं. केमिस्ट हसून म्हणाला, "काय झालं, काका? मुलगा की मुलगी?"
म्हटलं, "मुलगी."
"अरे वा, अभिनंदन! कोणासारखी आहे?"
"आईसारखी."
एकही शब्द खोटा नव्हता. रिक्षात मात्र रडू आलं. अशक्तपणा असणार.

२ फेब्रुवारी
ग्रुपमध्ये सुबोध माझ्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना म्हणाला, "हा आमचा टॉपर!" टाळ्या. घरी येऊन मनाला कडक शब्दांत विचारलं, दारू प्यायलास? नाही. विचारणारा आणि उत्तर देणारा एकच असल्यामुळे लवकर आटपलं.
ठराव: वाढदिवसाच्या दिवशी आसव पूर्ण बंद.

९ फेब्रुवारी
वाढदिवस. सकाळपासून हात थरथरत होते. मेडल हातातून पडलं असतं तर गंधालीला वाईट वाटलं असतं. तिच्यासाठी म्हणून वाटीभर घेतलं.
ती आईची निळी साडी नेसून आली होती. मेडल हातात ठेवलं आणि घट्ट मिठी मारली. मग मिठी सैल झाली. हात काढले नाहीत तिने, टाळ्या चालू होत्या. कानात म्हणाली, "बाबा, काय घेतलंयस?"
"औषध गं. पचनाचं."
"बाबा, मला वास कळतो ना रे. लहानपणापासून कळतो."
मी मेडल मुठीत धरलं.
"आई तिकडे बॅगा भरायला बसलीय. मी नाही सांगणार तिला. तू सांग."
मग केक कापला. तिनेच मला भरवला. फोटोत हसली. मी भाषणात तिचे आभार मानले. बाकी काही बोललो नाही.

१० फेब्रुवारी
सुबोधला फोन केला. अपचनापासून सुरुवात केली. म्हणाला, "अपचन सोड रे, पुढे बोल." मग वाटीपासून सांगितलं. म्हटलं, शिव्या तरी दे. म्हणाला, "कुठल्या तोंडाने देऊ यार? मी खोकल्याच्या औषधावर दिवस काढलेत. खोकला नसताना. एकटा बसू नकोस, येतो."
आला. आधी डॉक्टरकडे नेलं. मग दोघांनी बाटल्या मोरीत ओतल्या. मेडल परत द्यायचं ठरलं, सगळ्यांसमोर. मी बाजूला उभा राहतो म्हणाला. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं.
मग फोन माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "आता वहिनींना लाव." पद्मजाचं नाव शोधून काढलं. फोन लावता आला नाही. सुबोध ओरडेल असं वाटत होतं, पण त्याने माझ्या गादीशेजारी चटई टाकली. "उद्या लाव. मी आहे इथेच."
गंधालीचा मेसेज आहे, सांगितलंस का? उत्तर दिलेलं नाही.

उद्या: पद्मजाला सांगायचं, बॅगा भरू नकोस.