भाटघरच्या जहाजाबाबत आणि माझ्या इतर चीजवस्तूंबाबत

मी, दामोदर कृष्णाजी निगुडकर, वय वर्षे एकसष्ट, पूर्वी सरकारी तारखात्यात नोकरी, सध्या पेन्शन व बिनतारी टकटक, राहणार भोर, जिल्हा पुणे, मुंबई राज्य, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने, राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. याबाबत आमच्या घरात दोन मते आहेत, परंतु वैद्यांनी नाडी पाहून माझ्या बाजूने मत दिले आहे. त्याच वेळी त्यांनी असेही सांगितले की माझे हृदय अधूनमधून एखादा ठोका गाळते. चौतीस वर्षे मी लोकांच्या तारा पाठवल्या, एक अक्षर गाळले नाही. आता माझ्याच छातीने असा गबाळेपणा आरंभल्यामुळे हे लिहिणे भाग आहे.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, पडवी व मागचे परस, तसेच पोस्टातले पुस्तक, हे सर्व माझी पत्नी सौ. चंद्राबाई हिचे. यात कोणी वाटेकरी नाही. छपरावरची तांब्याची तारही तिचीच. ही तार मी आकाशातल्या लहरी पकडण्यासाठी बांधली, पण तिने पहिल्याच आठवड्यापासून तिच्यावर लुगडी वाळत घातली. सोमवारी ओली लुगडी पडत, म्हणून सोमवारी मला ऑस्ट्रेलिया कधी मिळाला नाही. तक्रार केली तेव्हा ती म्हणाली, "त्याला सांगा, मंगळवारी ये." मंगळवारी खरोखर आला.

कलम २. माझे शॉर्टवेव्हचे रेडिओयंत्र. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो की हे गाणी ऐकण्याचे यंत्र नव्हे. पेन्शनीत निघाल्यावर मी सरकारकडून रीतसर हौशी लायसन घेतले आणि घरबसल्या जगातल्या अनोळखी माणसांशी टिंब आणि रेघ या दोनच खुणांनी बोलू लागलो. टिंब म्हणजे टक, रेघ म्हणजे टाक. त्यातून इंग्रजी अक्षरे होतात, अक्षरांचे शब्द, शब्दांतून मनुष्य. कोलंबोकडे एका चहाच्या मळ्यावर मॅनेजर आहे. त्याचे आडनाव मला अजून नीट कळलेले नाही, पण त्याची टकटक मी हजारांत ओळखीन. त्याला दमा आहे, बायको माहेरी गेली की त्याचा वेग वाढतो, आणि फणस त्याला आवडत नाही. इतके मला माझ्या सख्ख्या व्याह्यांबद्दल माहीत नाही.

ऐकण्याचे यंत्र लढाईतले आहे. ते पुण्याच्या जुन्या बाजारातून एसटीच्या टपावर आणले. कंडक्टरने त्याचे अर्धे तिकीट फाडले, कारण वजनाने ते पारडाएवढे होते. पाठवण्याचे यंत्र मी स्वतः बिस्किटांच्या डब्यात बांधले आहे. ही दोन्ही माझा पुतण्या वसंत यास. वसंत पुण्यात कचेरीत असतो. तो दर दिवाळीला म्हणतो, "काका, आता फोनवर सरळ बोलता येतं, ही टकटक कशाला?" त्याने ही यंत्रे भंगारात घालू नयेत. घालायचीच असल्यास आधी एक वर्ष रोज अर्धा तास हेडफोन लावून बसावे, मग खुशाल घालावीत. एक वर्ष बसल्यावर तो घालणार नाही, हे मला ठाऊक आहे.

लायसन मात्र देता येत नाही. ते सरकारला परत करावे.

कलम ३. आता मुख्य गोष्ट. हे कलम वाचताना चंद्राबाईने मध्ये बोलू नये.

आमच्या भिंतीला लागून मानसिंगराव शिळीमकर यांची पिठाची गिरणी आहे. तिचे इंजिन रॉकेलवर चालते आणि त्याच्या दर ठिणगीबरोबर माझ्या हेडफोनमध्ये खरखर होते. मी कोलंबो ऐकावा तर मध्येच कोणाची तरी बाजरी. यावरून आमची कायम भांडणे. दुसऱ्या बाजूने, माझ्या घरात वीज नाही आणि माझी बॅटरी भरली जाते ती त्याच इंजिनावर. म्हणजे सकाळी मी बॅटरी उचलून त्यांच्याकडे जायचे, संध्याकाळी भांडायला जायचे. असे आमचे चांगले चालले होते.

सन १९५६ च्या श्रावणात पाऊस लागला तो थांबेना. तारेचे खांब पडले, टपाल बंद झाले. वेल्ह्याकडच्या डोंगरातले नाथा मरगळे आणि त्यांचे धाकटे भाऊ बिरू, हे मेंढ्या घेऊन भाटघर धरणाच्या कडेला उतरले होते. धरणाचे पाणी एका रात्रीत फुगले आणि मेंढ्या उभ्या होत्या त्या टेकाडाच्या चहूबाजूंनी फिरले. दोनशे मेंढ्या, बिरू आणि दोन कुत्री वर अडकली. नाथा पोहून बाहेर आले, चालत भोरला आले आणि एका कचेरीत गेले. कोणत्या ते लिहीत नाही, कारण त्या कारकुनाची मुलगी लग्नाची आहे.

कारकून म्हणाला, "माणसाला उतरवायला होडी पाठवू. जनावरांचं आमच्याकडे नाही. तीन प्रतींत अर्ज द्या."

होडी गेली. बिरू तिच्यात बसेना. नावाड्याला म्हणाला, "मेंढरं जात्यात तितं म्या. तू जा घरला." होडी रिकामी परतली.

संध्याकाळी नाथा माझ्या पडवीत येऊन उभे राहिले. अंगातून पाणी गळत होते. म्हणाले, "मास्तर, पानी लई चढतंय. उद्या दुपारपातूर टेकाड ऱ्हात न्हाई. तुमचं ते टकटक करतंय त्ये कुणाला ऐकू जातंय म्हनं?"

मी म्हटले, "जातं. पण लायसनात लिहिलंय, दुसऱ्याचा निरोप पाठवायचा नाही."

नाथा म्हणाले, "दुसऱ्याचा कुठं? बिरूचा हाय."

मी यंत्रापुढे बसलो. छपरावर पाऊस असा पडत होता की हेडफोन घातल्यावर बाकी जग उरलेच नाही. कोलंबोचा माझा मित्र मिळाला. निरोप इंग्रजीत असा जायचा होता: शीप दोनशे, अडकल्या आहेत, पाणी चढते आहे, भाटघर, पुण्याजवळ, होड्या पाठवा. शीप म्हणजे मेंढ्या.

येथे थोडे शिकवावे लागेल. शीप या शब्दात 'ई' हे अक्षर दोनदा येते. 'ई' म्हणजे एक टिंब. दोन 'ई' म्हणजे एक टिंब, श्वासाएवढी फट, पुन्हा एक टिंब. ती फट राहिली नाही तर दोन टिंबे जुळतात आणि त्यांचे 'आय' हे अक्षर होते. मग शीपचे होते शिप. शिप म्हणजे जहाज. ऱ्हस्व-दीर्घाचा एवढासा फरक. आमच्या शाळेत यासाठी छडी मिळे.

कोलंबोत पोचले ते असे: जहाज, दोनशे अडकले आहेत, पाणी चढते आहे, भाटघर, पुण्याजवळ, होड्या पाठवा.

त्या भल्या माणसाने ते बंदरावर कळवले. बंदराने मुंबईला, मुंबईने पुण्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी लष्कराचे चार ट्रक आले. त्यांत सहा होड्या, एक डॉक्टर, दोनशे पाव आणि दोनशे ब्लँकेटे होती. सुभेदारसाहेबांनी काठावर उभे राहून दुर्बीण लावली आणि विचारले, "जहाज कुठे आहे?"

नाथांनी बोट दाखवले. "त्ये काय. बे बे करतंय बगा."

सुभेदारसाहेबांनी दुर्बीण पुसून पुन्हा लावली. मग त्यांनी विचारले, "उतारू?"

"दोनशे. आन् बिरू."

माणूस मोठा सज्जन. म्हणाले, "हुकूम दोनशे जीव काढायचा आहे. काढा." तीन तासांत सगळ्या मेंढ्या होडीतून काठाला आल्या. बिरू शेवटच्या फेरीत आला. डॉक्टरने हुकूम होता म्हणून काही मेंढ्यांची नाडी पाहिली. ब्लँकेटे वाटायचाही हुकूम होता. तेव्हा लोकरीने भरलेल्या मेंढ्यांवर आणखी लोकर घातली गेली, हे मी या डोळ्यांनी पाहिले. पाव मेंढ्यांनीच खाल्ले. दुपारी दीडला टेकाड पाण्याखाली गेले.

पुढच्या महिन्यात मुंबईहून चौकशीला एक साहेब आले. ते फायलींतले होते, रेडिओतले नव्हते. त्यांनी मला शीप हा शब्द दहा वेळा वाजवायला लावला. मी दहाही वेळा चोख वाजवला. साहेब म्हणाले, "हात तर साफ आहे. मग चूक कोणाची?" नेमका त्याच क्षणी शेजारी इंजिन सुरू झाले आणि हेडफोनमधून खरखर ऐकून साहेब दचकले. त्यांनी विचारले, "हे काय?" मी म्हणालो, "गिरणी."

मी इतकेच म्हणालो. पुढचे साहेबांनी स्वतः लिहिले की गिरणीच्या ठिणगीने दोन अक्षरांमधली फट बुजली. ज्याला यातले कळते त्याला ठाऊक आहे की गिरणीची खरखर मला ऐकताना छळेल, मी पाठवतो त्यात ती काहीच करू शकत नाही. साहेबांना हे कळत नव्हते. मला कळत होते. मी गप्प बसलो. माझे लायसन वाचले. मानसिंगरावांना ताकीद मिळाली की संध्याकाळी सात ते आठ इंजिन बंद ठेवावे, आणि गावाने त्यांच्या गिरणीला 'जहाजबुडवी' हे नाव दिले. आज तीन वर्षे बायका दळण घेऊन निघताना "जहाजबुडवीवर जाऊन येते" असे म्हणतात. किकवीच्या बाजारातसुद्धा मानसिंगरावांना लोक विचारतात, "काय पाटील, आज किती बुडवली?"

मी मृत्यूला स्मरून लिहितो की त्या संध्याकाळी माझ्या दोन टिंबांमध्ये फट नव्हती, कारण मी ती ठेवली नाही. हात चुकला नाही. एस गेला, एच गेला, आणि मला कारकुनाचा तो शब्द आठवला, तीन प्रतींत. मला वाटले, मेंढ्यांसाठी कोण येतो? जहाजासाठी येतील. एवढा विचार करायला एक टिंब पुरते. बिरूच्या बाबतीत मला पस्तावा नाही. मानसिंगरावांच्या बाबतीत आहे, आणि तो मी जिवंतपणी त्यांच्या तोंडावर बोलू शकलो नाही, कारण मी भित्रा आहे व मला बॅटरी भरून लागते. ती त्यांनी या तीन वर्षांत एक दिवसही नाकारली नाही.

म्हणून माझी पितळी कळ, जिच्यावर मी ते वाजवले, आणि माझी आरामखुर्ची, ही दोन्ही मानसिंगराव शिळीमकर यांस. हे कलम माझ्यामागे चावडीवर मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ४. उपरोक्त कारकुनास एक कोरा अर्ज, तीन प्रतींत.

कलम ५. नाथांनी त्या वेळी मला एक मेंढा भेट दिला. त्याचे नाव कप्तान. तो बिरूकडे परत जावा, असे मी लिहिले होते. चंद्राबाईने ते वाचून विचारले, "कप्तानला भाकरी कोण घालतं?" मी म्हणालो, "तू." "मग त्याला वाटून टाकणारे तुम्ही कोण?" सबब हे कलम रद्द. कप्तान तिचा. त्याने जपानहून आलेले पोचपत्र व माझे एक धोतर खाल्ले आहे, हे तिने लक्षात ठेवावे.

कलम ६. जगभरातल्या माणसांनी 'तुमची टकटक ऐकली' म्हणून पाठवलेली पोस्टकार्डे स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहेत. ती माझी मुलगी शुभदा हिची. ब्राझीलचे कार्ड पाटाच्या लंगड्या पायाखाली आहे, तेथून काढावे. कोलंबोला एक पत्र तिनेच टाकावे, की बाबा आता वाजवत नाहीत. फणसाबद्दल काही लिहू नये.

येथे मृत्युपत्र संपले होते. परंतु आज सहीसाठी साक्षीदार जमले त्यात मानसिंगराव स्वतःहून येऊन बसले, आणि शिक्षक आनंदराव देशपांडे यांनी सर्वांसमक्ष पहिल्यापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या कलमाला मी उठून परसात गेलो. परत आलो तेव्हा मानसिंगराव पडवीच्या खांबाला टेकून बसले होते. झाले ते जसेच्या तसे पुढे जोडतो.

ते म्हणाले, "मास्तर, त्या सांजंला गिरणी बंद हुती."

मी म्हणालो, "कशी बंद?"

"पट्टा तुटला हुता दुपारीच. म्या पट्टा शिवायला कामथडीला गेलो हुतो. इंजिनच चालू नव्हतं, तर ठिणगी कुठली?"

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं आसतं तर तुमचं लायसन गेलं आसतं." मग म्हणाले, "आन् बिरू माज्या गिरणीवर दळण आणतो. त्या जहाजापायी त्यो जित्ता ऱ्हायला, त्याच्याकडं बगून मला बोलवंना."

चंद्राबाई आत जाऊन चहा ठेवू लागली. आनंदरावांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या वाद निघतो. तेव्हा मानसिंगरावांनी एक काहीतरी निवडावे: कळ आणि खुर्ची, किंवा सही.

मानसिंगराव म्हणाले, "मला सहीच द्या. गिरणीचं नाव कागदावर साफ झालंय, त्याच्याखाली माजं नाव पायजे."

तरी कलम ३ मधली कळ आता बिरू मरगळे यास व खुर्ची नाथा मरगळे यांस द्यावी. बाकी मजकूर कायम. हा कागद मी वाचला, ऐकला, मला मान्य आहे.

लिहून ठेवणार: दामोदर कृष्णाजी निगुडकर (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली व ज्यांनी एकमेकांसमोर आपल्या सह्या केल्या:

१. आनंद रघुनाथ देशपांडे, शिक्षक, भोर (सही)

२. मानसिंग रामराव शिळीमकर, गिरणीमालक, भोर (सही मोडी लिपीत. शाई दोनदा बुडवून, सावकाश, पूर्ण नावाने.)

मुक्काम भोर, तारीख १४ नोव्हेंबर १९५९