आधी पाणी, मग बोलणं

१२ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

हे गेल्यापासून काल पहिल्यांदा घर भरल्यासारखं वाटलं. पाणी शुद्ध करण्याचं यंत्र विकणारे एक गृहस्थ आले होते. तुझ्या भाऊजींनी तीस वर्षं दारोदार शिवणयंत्रं विकली, त्यामुळे आपल्याकडे दारावरच्या विक्रेत्याला आधी पाणी, मग बोलणं. खुर्ची दिली, ह्यांचा फोटो दाखवला, नको तितकं बोलत बसले. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, हा धंदा मला ह्यांनीच शिकवला; आज किती विकलं हे बायको कधी विचारत नाही, म्हणून पाय घराकडे ओढ घेतात, असं ते म्हणायचे.

अगं, उभ्या जन्मात हे माझ्याशी असं बोलले नाहीत! मी सही केली, पैसे दिले. यंत्र मंगळवारी बसवणार आहेत. तू हसशीलच.

तुझी,
ताई

२० मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हसले नाही. मंगळवार होऊन गेला. यंत्र आलं का? रागावू नकोस, पण एक आठवून सांग. ‘बायको विचारत नाही’ हे तो आधी बोलला, की तू?

खरा विक्रेता ओळखपत्र दाखवतो, कार्यालयात फोन करू देतो, आजच सही करा म्हणून मागे लागत नाही. दाराला साखळी लावून घे. एकटी राहतेस हे कुणाला सांगू नकोस. लहान तोंडी मोठा घास घेतेय, पण भाऊजी असते तर त्यांनीच त्याला जिन्यात गाठला असता.

माया आहे तशीच ठेव.
धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस, अ. उ. आ.

मीच आधी बोलले होते. फोटो पुसता पुसता.

यंत्र आलं नाही. पावतीवरच्या पत्त्यावर चपलांचं दुकान आहे. पोलिसांत तक्रार दिली. पैशांचं जाऊ दे. ते एक वाक्य मी आठ दिवस उशाशी घेऊन निजले होते. तेही माझंच निघालं.

साखळी लावली. आज दुपारी पुस्तकं विकणारे एक जण आले. ह्यांच्याच वयाचे, बॅगेनं एक खांदा तसाच उतरलेला. फटीतून ओळखपत्र मागितलं, त्यांना उभं ठेवून कार्यालयात फोन केला. माणूस खरा निघाला. मला काही नको, म्हटलं. बरं बाई, म्हणाले आणि वळले.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. दार लावल्यावर आठवलं, पाणी विचारायचं राहिलं. पेला भरून धावले, पण हाताला अजून सवय नाही गं. साखळी निघेपर्यंत जिना रिकामा झाला होता.

तुझा लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई