चार नंबरचा डबा

३ डिसेंबर

काल प्रमोद येऊन गेला. बहिणीचा पोरगा, मालवाहू जहाजावर कुक आहे, वर्षातून एकदा उगवते. माह्यासाठी टिनाचे पाच गोल डबे अन् एक लाकडी पाईप आणला. विलायती तंबाखू. "मामा, तुमच्यासारखा जाणकार अख्ख्या आंधळगावात नाही. सांगा, याच्यात काय काय आहे?" सगळ्यांसमोर एक डबा उघडला, नाक खुपसलं, लांब श्वास घेतला अन् म्हटलं, "वा! क्या बात है!"

काहीच आलं नाही. नुसती थंडी हवा.

साडेतीन वर्षं झाली. मोठा ताप आला होता, त्यानं जीव ठेवला पण नाकाचा वास घेऊन गेला. फोडणी नाही, पेट्रोल नाही, घरच्या चिन्नोर तांदळाचा भात नाही. मालूम फक्त कुसुमले. बायकोपासून काय लपते? परवा साध्या भाताले मी म्हटलं, "चिन्नोर मस्त घमघमून राहिला." तं ती म्हणे, "जेवा जी चुपचाप."

अन् माहा धंदा काय? भंडाऱ्याले सेठच्या बिडी गोदामात तंबाखूचा वास घ्यायचा. कोणतं पोतं चांगलं, कोणतं खराब, कशात काय मिसळायचं. बत्तीस वर्षांचं नाक. सेठले अजून काही सांगतलं नाही.

४ डिसेंबर

डब्यांवर खडूनं नंबर टाकले. एक ते पाच. एक नंबरचा मुठीत दाबला तं गोळाच झाला. एवढा ओला माल? गोदामात असं पोतं आलं असतं तं गाडीवाल्याले तसाच वापस धाडला असता. सुपात पसरवला, दिवसभर छपरावर उन्हात. संध्याकाळी कडकडीत. प्रमोदले फोनवर मोठ्या ऐटीत सांगतलं. तो ओरडला, "मामा! तो ओलाच असते! सत्यानाश केला तुम्ही!"

कुसुम हसता हसता खाली बसली. "बत्तीस सालाचे जाणकार!"

आता ओलं फडकं झाकून ठेवला आहे. वाचला तं वाचला.

६ डिसेंबर

हातानं अन् कानानं निभवून राहिलो साडेतीन वर्षं. मुठीत दाबायचं, कानाजवळ चुरायचं, रंग पायचा, मंग नाकाजवळ नेऊन खोटा श्वास घ्यायचा. लोक नाकाकडे पायते, मी हाताकडे.

पण पावसाळ्यात चुकलो. चार पोते पास केले, आतून बुरसलेले. तो माल घरोघरी बिड्या वळणाऱ्या बायांकडे गेला. डोके दुखले, दोघीतिघींचा खोकला महिनाभर गेला नाही. सेठनं पावसाले शिव्या देल्ल्या. मी मान हलवली. लाज वाटते लिहितानी.

जानेवारीत निपाणीकडचा नवा माल येईन. पुन्हा चुकलो तं?

७ डिसेंबर

चार नंबर उघडला. काळा कुट्ट पाला, मधात थोडा पिवळा. सवयीनं नाक नेलं.

आलं.

काय आलं ते सांगता येत नाही. धूर. विस्तव नाही, काडी पेटवली नाही, तरी धूर. डबा बंद केला, उघडला. पुन्हा आलं. तिसऱ्यांदा नाही आलं. थांबलो, पाणी पेलो, पुन्हा उघडला, आलं!

कुसुमले हाक मारली. ती धावत आली, तिले वाटलं छातीत दुखून राहिलं. "रडता काहून?" म्हटलं धूर लागला. ती इकडे तिकडे पाहून म्हणे, "कुठचा धूर जी? चूल तं थंडी आहे." मी डबा दाखवला. मंग तिनं पदर तोंडाले लावला.

८ डिसेंबर

प्रमोदले विचारलं, चार नंबरात काय आहे? लटाकिया म्हणते त्याले. समुद्रापलीकडचं पान. झाडंझुडपं पेटवून महिनोमहिने त्या धुरात टांगून ठेवते, म्हणून काळं. पाचही डब्यांत आहे, पण कमीजास्त. चारमध्ये जवळजवळ अर्धं. एकमध्ये सगळ्यात कमी. तो म्हणे, "मामा, हे भाजीतल्या मसाल्यासारखं. जास्त झालं तं बाकी सगळं झाकून टाकते."

हे मले शिकवते! बत्तीस वर्षं दुसरं केलं काय मी? तिकडचा मिसळ करणारा माणूस कोण असन तो असो, आपल्याच बिरादरीचा. त्याले भेटलं पायजे एकदा.

यापुढे वहीत लटाकियाले नुसतं 'ल.' लिहीन.

११ डिसेंबर

पाईप पेटवला अंगणात. कुसुमची अट: आठवड्यात एकदा, अन् ओसरीवर नाही. पाईप तीनदा विझला, जीभ पोळली. बिडीसारखा भसाभसा ओढला म्हणून. हळू ओढायचा असते म्हणे.

माह्या नाकाले ल. शिवाय काही नाही, मंग तुलना कशी करू? कुसुमले बाजूले बसवलं. तिचं नाक वापरू. वीस वर्षं बिड्या वळल्या तिनं, तंबाखू तिले नवा नाही. तिचे निकाल तसेच्या तसे लिहून ठेवतो—

दोन नंबर: "उन्हात वाळू घातलेली चिंच."
तीन: "उदबत्ती विझल्यावर येते तसा. बरा आहे."
पाच: "जुन्या पेटीतलं लुगडं."
चार: "डांबराच्या ड्रमात कोणं वांगं भाजलं बाप्पा!"
एक: "याचं तं तुम्ही पापडच केलं."

हसून हसून खोकला आला. किती दिवसांनी अंगणात दोघं बसलो एवढा वेळ.

१६ डिसेंबर

परीक्षा ठरवली. माह्या डोळ्याले दुपट्टा. कुसुम वाटीत एका डब्यातला तंबाखू घेईन, नाकाखाली धरीन, मी नंबर सांगीन. रोज दोन वाट्या, पाच दिवस.

आज दोन्ही बरोबर! म्हटलं, पाचावर धारण बसली होती. ती म्हणे, "बसा, बसा, उद्या पाहू."

१८ डिसेंबर

आजही दोन्ही बरोबर. सहातले सहा. पाच नंबरचं लुगडं मले आलं असं वाटते. वाटते म्हणजे आलंच असन नं? कुसुम बरोबर म्हणते म्हणजे बरोबर.

२० डिसेंबर

दहातले नऊ!

सेठले फोन केला. "जानेवारीचा माल आला का सांगा, मी येतो. यंदा एकही पोतं खराब जाणार नाही, माहा शब्द." सेठ म्हणे, "तुम्ही असल्यावर मले कायची फिकर?"

कुसुम बाजूलेच उभी होती. पोळी तव्यावर जळली. मले वास आला नाही, धूर दिसला तवा कळलं. ती तशीच उभी.

२१ डिसेंबर

सकाळपासून जेवली नाही. दुपारी येऊन समोर बसली अन् म्हणे, "दहातले तीनच बरोबर होते. नऊ मी सांगतले."

मी म्हटलं, काहून?

"तुम्ही पह्यल्या दिवशी एवढे खुश झाले, मले 'चूक' म्हणवलंच नाही. मंग रोजच नाही म्हणवलं. पण काल तुम्ही सेठले शब्द देल्ला. त्या बिड्या बाया वळते जी. मी बी वळल्या. बुरसट जर्दा सुपात घेऊन दिवसभर बसलं का कसं होते, ते तुम्हाले नाही मालूम, मले मालूम आहे."

मी उठून तलावाकडे निघून गेलो.

२२ डिसेंबर

ताट ओसरीवर नेऊन एकटा जेवलो. ती चुलीजवळ.

राग कायचा आला? तिनं खोटं सांगतलं त्याचा? का खरं सांगतलं त्याचा? मी स्वतः साडेतीन वर्षं सेठले फसवून राहिलो अन् बायकोवर फुगून बसलो. वा रे वा!

२३ डिसेंबर

रात्रीचं जेवण झाल्यावर मीच विचारलं, "ते तीन कोणते?"

तिले पाठ होतं. मनात ठेवलं होतं सगळं, लिहिलं नव्हतं फक्त. "चार नंबर तीनदा धरला. तिन्ही वेळा तुम्ही चारच म्हटलं. बाकी सगळे अंदाजपंचे."

तिनातले तीन! म्हणजे चार नंबर एकदाही हुकला नाही. म्हणजे ७ तारखेचा धूर खरा होता. माह्या मनाचा खेळ नव्हता.

पाचचं लुगडं मात्र नुसतं ऐकीव. जाऊ द्या.

तिले म्हटलं, आजपासून तू मले पास नको करू. ती म्हणे, "आता नापासच करतो पाहा."

२९ डिसेंबर

नवी तऱ्हा. डबे सोडले, आता फक्त चार नंबर अन् साधा बिडीचा जर्दा. कुसुम निम्मंनिम्मं मिसळते, किंवा नुसता जर्दा ठेवते. मी सांगायचं, ल. आहे का नाही. ती हरेक वेळी दारामागे खडूनं लिहिते, मी नंतर पायतो.

निम्मंनिम्मं: आठातले आठ.

चौथाई चार नंबर, बाकी जर्दा: आठातले सहा. दोन चुका तिनं एवढ्या मोठ्यानं सांगतल्या का रस्त्यावरचा माणूस थांबला.

३ जानेवारी

चौथाई: आठातले सात. त्याहून कमी केला का अंधार.

एक गोष्ट लिहून ठेवतो, भरवसा नाही पण लिहितो. आज नुसत्या जर्द्याच्या वाटीत काहीतरी आलं. धूर नाही. खाली, बारीक, गोडसर. मी "ल. नाही" म्हटलं, ते बरोबर होतं. पण 'नाही' म्हणतानी नाक रिकामं नव्हतं. कुसुमले सांगतलं. ती म्हणे, "दुसऱ्यांदा येऊ द्या, मंग नाचू."

कडक मास्तरीण झाली आहे.

८ जानेवारी

सेठचा फोन. माल शुक्रवारी उतरते.

कुसुम म्हणे, "पोतं खोलाच्या आधी सांगून टाका." मी म्हटलं, बत्तीस वर्षांची इज्जत आहे. ती म्हणे, "इज्जत घरी ठेवून जा, मी बी येतो संगं."

१० जानेवारी

सकाळच्या एसटीनं दोघं भंडाऱ्याले गेलो. कुसुम त्या गोदामात जन्मात गेली नव्हती. दाराजवळच उभी राहिली.

मी सेठले सांगून टाकलं. एका दमात. ताप, साडेतीन वर्षं, पावसाळ्यातले चार पोते, विलायती डबे, सगळं. सेठनं ऐकून घेतलं अन् लाल झाला. "साडेतीन वर्षं? अन् मी पावसाले शिव्या देत बसलो? त्या बायांच्या घरी जाऊन मी माफी मागतली, भाऊ! तुमच्यापायी!" खरं होतं. तो म्हणे, "मंग हा माल आता कोण पास करन? मी?"

तेवढ्यात दारातून कुसुम म्हणते, "खिडकीजवळचं तिसरं पोतं खराब आहे जी. वास इथपर्यंत येऊन राहिला."

सेठनं पोतं फाडलं. आत पांढरा बुरसा.

सेठनं चिमूटभर उचलून पायला, फेकला. मंग सेठ बाजूले सरकला अन् म्हणे, "या, वहिनी, आत या."

दिवसभर चाललं. तिनं वास घ्यायचा, जे वाटन ते सांगायचं, "ओली भिंत", "जुनी गोधडी", "चांगला आहे, तिखट आहे". त्याचा अर्थ मी लावायचा: हे परत धाडा, हे आठ दिवस उन्हात, हे त्या दुसऱ्या ढिगात मिसळा. सेठचा चहा तिले आधी, मले मंग. राग अजून गेला नाही त्याचा. जाऊ नयेच एवढ्यात.

येतानी एसटीत कुसुमचं डोकं दुखून राहिलं होतं, पण ऐट पायली पायजे होती तिची.

१५ जानेवारी

बाकीच्या मालासाठी पुन्हा गेलो. गोदामात शिरता शिरता कुसुम म्हणे, "आज तुम्ही आधी सांगा. मी मंग." मी म्हटलं, सेठसमोर? ती म्हणे, "मंग काय घरातल्या वाटीतच वास घेणार का जन्मभर?"

पह्यल्या सहा पोत्यांत काही नाही आलं. तसं सांगतलं, "नाही आलं." तिनं वास घेऊन पास केले.

सातव्यात आलं. धूर नाही, ल. नाही. ओलसर, जुनं, घशाच्या मागं लागणारं. हात लावला तं माल कोरडा, रंग चांगला, चुरला तं आवाज चांगला. हात म्हणे पास, कान म्हणे पास. मी म्हटलं, "हे बाजूले ठेवा."

कुसुमनं वाकून वास घेतला. मोठा वेळ घेतला. पुन्हा घेतला. मंग सरळ माह्याकडे पाहून म्हणे, "नाही जी. मले याच्यात काही खराब येत नाही."

सेठसमोर, हमालांसमोर. तिचा चेहरा पडला होता, पण बोलली. डिसेंबरात हीच बाई असती तं "बरोबर" म्हणाली असती.

सेठनं दोघांकडे पायलं. म्हणे, "मंग मानायचं कोणाचं?" मी म्हटलं, "तिचं नाक चांगलं आहे, मालूम आहे. पण मले आलं." कुसुम म्हणे, "ठेवा नं बाजूले. आठ दिवस बंद राहू द्या. खराब असन तं बुरसा उमटन."

सेठनं पोत्यावर खडूनं माहं नाव लिहिलं अन् कोपऱ्यात ठेवलं. पुढच्या बुधवारी खोलायचं.