‘बोलावतो’ नव्हे, ‘बोलावतात’ म्हण

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, निवृत्त मुद्रितशोधक आणि तीस वर्षे छापखाना कामगार संघटनेचा सरचिटणीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पुतणी अधूनमधून खडसावते, त्याला कायदा दबाव म्हणत नसावा.

कलम १. माझे राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या धाकट्या भावाला मिळावे. तो लिफ्ट दुरुस्त करतो. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी त्यानेच बसवली आहे, आम्ही एकमेकांशी बोलत होतो तेव्हा. हे घर भरपाई नव्हे. भरपाई ज्यांनी द्यायची त्यांनीच दिली पाहिजे, आणि ती वसूल होईपर्यंत कोणी गप्प बसू नये. घर नको असेल तर त्याने खुशाल विकावे.

कलम २. पुस्तके संघटनेच्या वाचनालयाला. कपाटाला कुलूप लावू नये. बँकेत जे काही उरले असेल ते पुतणीला, म्हणजे भावाच्या मुलीला. ती नर्स आहे. जन्मभर उभी राहिली, थोडी बसेल.

कलम ३. वक्तृत्वाच्या सात ढाली भंगारात द्याव्यात. शाळेने मागितल्या तरी देऊ नयेत. माजी विद्यार्थी मंडळाला माझ्याकडून काही नाही, फोटोसुद्धा नाही.

याचे कारण लिहिणे भाग आहे.

आम्ही दोघे भाऊ एका कॅथलिक धर्मसंघाच्या शाळेत शिकलो. तिथल्या व्रतस्थ शिक्षकांना ‘ब्रदर’ म्हणत. त्यांतल्या एकाने मला बोलायला शिकवले: श्वास कुठे घ्यावा, आवाज कुठे चढवावा, कुठे थांबावे. मी चौदा वर्षांचा होतो, भाऊ दहाचा. एका सकाळी मी आरशासमोर स्पर्धेचे भाषण घोकत होतो. भाऊ दप्तर पोटाशी धरून दारात उभा राहिला.

“दादा, तो ब्रदर मला मधल्या सुट्टीत खोलीत बोलावतो. दार लावतो. मला नाही जायचं.”

मी आरशातूनच म्हणालो, “‘बोलावतो’ काय? शिक्षक आहेत ते. ‘बोलावतात’ म्हण.”

त्याने दप्तर पाठीला लावले. मग म्हणाला, “बोलावतात.” आणि शाळेत गेला.

आपल्या भाषेत माणसाचा मान क्रियापदात असतो. दहा वर्षांच्या पोराने त्या माणसाचा मान काढून घेतला होता. त्याच्या हातात तेवढेच हत्यार होते, तेही मी हिसकावले. पुढे आयुष्यभर मी लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढून पोट भरले आणि व्यासपीठावरून मालकांना विचारत राहिलो, “कामगाराचं ऐकायला तुम्हाला कान नाहीत का?” टाळ्या पडत. भाऊ कधी सभेला आला नाही. मला वाटे, त्याला राजकारणाची आवड नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या ब्रदरबाबत चौकशी मंडळ बसले. तीन शाळांतल्या एकतीस माजी विद्यार्थ्यांनी दावे लावले. एका शाळेत तक्रार झाली की धर्मसंघ त्याची बदली दुसऱ्या शाळेत करी, हे कागदोपत्री निघाले. माझा भाऊ त्या एकतीसांतला एक. संघाच्या वकिलाने त्याला विचारले, “त्या वेळी घरी कोणाला सांगितलं होतंत?” तो म्हणाला, “दादाला.”

मंडळाने मला पत्राने विचारले. मी उत्तर दिले: “असे काही बोलणे झाल्याचे स्मरत नाही.” पाठवण्यापूर्वी पत्र दोनदा तपासले. त्यात एकही चूक नव्हती. स्मरत होते. सगळे स्मरत होते. पण ज्याने मला आवाज दिला तोच असा निघाला, हे कबूल केले तर माझ्याजवळ काय उरणार, ही भीती. पुरावा नाही म्हणून भावाचा दावा फेटाळला गेला. त्यानंतर त्याने माझ्या घराची पायरी चढलेली नाही.

कलम ४. माझी शपथेवरची खरी जबानी बंद पाकिटात ठेवली आहे. ती माझ्या मृत्यूनंतर उघडावी.

हे एवढे लिहून काल पुतणीला वाचायला दिले. तिने चष्मा काढला.

“काका, हे तुम्ही गेल्यावर उघडायचं?”

“कायद्याने मृत्युपत्र तेव्हाच लागू होतं.”

“बाबांच्या अपिलाची मुदत या महिन्याच्या तीस तारखेला संपतेय.”

“मला माहीत नव्हतं गं.”

“मग लवकर मरा. तीसच्या आत जमवा.”

ती पुढे म्हणाली, “गावभर गर्जना करत फिरलात. बाबांसाठी तेवढं पाकीट? चिकटवलेलं?”

मी पेन उचलले.

कलम ४ रद्द. त्यावर मी स्वतः आडवी रेघ मारली आहे. पाकीट फोडले आहे. जबानी मी जिवंतपणी, तोंडी, मंडळापुढे देणार आहे, आणि माझे आधीचे पत्र खोटे होते, हे तिथे पहिले वाक्य असेल. संघाचा वकील मला हवे ते विचारो. भावाने मला क्षमा करावी अशी विनंती मी या कागदात करत नाही. ती मागण्याची ही जागा नाही, आणि मला तो हक्कही नाही.

कलम ५. माझ्या अंत्यविधीला कोणी भाषण करू नये. भाऊ आला नाही तर त्याला कोणी बोल लावू नये.

वरील मजकूर वाचून, समजून सही करत आहे.

सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार: १. शेजारचे दातांचे डॉक्टर (सही). २. छापखान्यात खिळे जुळवणारा जुना जुळारी (सही). कलम ४ वरची रेघ आम्हा दोघांसमोर मारली.

ठिकाण: राहत्या घरातले जेवणाचे टेबल. तारीख: अठ्ठावीस, सोमवार. वेळ: सकाळी सव्वानऊ. मंडळाची कचेरी दहाला उघडते. पुतणी खाली गाडीत थांबली आहे, आणि फोनवर म्हणते, मागच्या सीटवर तिचे बाबा बसले आहेत.